आईच्या हिरड्या सारख्या सुजतायत, दोनदा क्लीनिंग करूनही. काय असू शकेल?

सुपारीफूल (९ फेब्रुवारी, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आई ६३ वर्षांची, कराडजवळ गावी असते, मी पुण्यात. गणपतीनंतर कधीतरी तिच्या हिरड्या सुजायला लागल्या. म्हणजे आपली नेहमीची एका दाढेपाशी सूज येते तशी नाही, पुढच्या दातांच्या मधेमधे हिरडी अशी फुगून खाली आलीय, डाळिंबाच्या दाण्यासारखी, आणि दात अर्धेअधिक झाकून गेलेत. माझा मुलगा म्हणाला आजीचे दात छोटे झाले. दुखत फारसं नाही, पण भाकरी चावताना अधूनमधून रक्त येतं आणि तोंडाला वास येतो म्हणून ती हल्ली चारचौघांत तोंडावर पदर धरून बोलते, तेच मला बघवत नाही. ऑक्टोबरमधे तिथल्या डेंटिस्टनी क्लीनिंग केलं, महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. जानेवारीत परत केलं, आता परत फुगल्यात. आईचं ठाम मत की मशीन लावलं म्हणूनच बिघडलं, आता ती दवाखान्यात यायलाच तयार नाही. कुणाच्या घरी असं झालंय का?

शेंगदाणा_चटणी (९ फेब्रुवारी, रात्री ११:०२)
कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून तीनदा गुळण्या. आणि हळद, खोबरेल तेल एकत्र करून हिरड्यांना बोटाने चोळायचं, आमच्या सासूबाई तेच करतात, वय ७८, सगळे दात शाबूत. फार ठणकलं तर लवंगेचं तेल.

खडूस_पण_खरं (१० फेब्रुवारी, सकाळी ६:१५)
आईंचं बरोबर आहे. ते मशीन लावलं की दात खिळखिळे होतात, माझ्या मेहुण्याचं झालंय. आधी कधी हलत नव्हते, साफ केले आणि आठवड्यात दोन हलायला लागले आणि मधे फटी पडल्या ते वेगळंच. आमच्या वेळी राखुंडी आणि कडुनिंबाची काडी, संपला विषय.

दंतकथा (१० फेब्रुवारी, दुपारी २:२०)
मी डेंटिस्ट आहे, आयडी गमतीत घेतला होता, आता बारा वर्षं लोक त्यावरून पिडतात.

खडूसकाका, तुमच्या मेहुण्यांचं मला दिवसाआड ऐकायला मिळतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. दातांवर जो चिकट थर बसतो तो जिवाणूंचा असतो, तो काढला नाही तर एकदोन दिवसांतच त्यात लाळेतला क्षार बसायला लागतो आणि त्याचं दगडासारखं कीटण होतं. हे कीटण ब्रशने निघत नाही, काडीने नाही, राखुंडीने तर नाहीच, उलट राखुंडी खरखरीत असेल तर दाताचं वरचं आवरण झिजतं. वर्षानुवर्षं कीटण साठलं की आतून हाड उतरतं, दात हलायला पाहिजे पण हलत नाही, कारण सगळे दात त्या दगडाने एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात. ते काढलं की जे आधीच झालेलं होतं ते दिसायला लागतं. पावसाळ्यात भिंतीचा गिलावा पडला म्हणून भिंत गिलावा पाडणाऱ्याने कच्ची केली असं आपण म्हणत नाही ना. फटी पण तशाच, कीटण होतं ती जागा रिकामी झाली.

शेंगदाणा, मीठपाणी चालेल, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा, आराम पडतो. लवंगेचं तेल नुसतं थेट हिरडीवर लावू नका कुणी, भाजल्यासारखं सोलपटतं. आणि काही लोक अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून झोपतात, सकाळी तिथे पांढरा पापुद्रा घेऊन येतात, ते तर मुळीच नको.

सुपारीफूल, तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मला वेगळाच संशय येतोय. आईंना रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? बीपी, शुगर, फिट? नाव बघून सांगा, रंग नको.

औषधवाला (१० फेब्रुवारी, दुपारी ३:०५)
डॉक्टरसाहेबांनी विचारलं तेच मी विचारणार होतो. माझं मेडिकल आहे. ताई, अजून एक विचारतो, आईंचे पाय संध्याकाळी सुजतात का? घोट्यापाशी, पैंजणाचा वळ उठतो तसे?

सुपारीफूल (१० फेब्रुवारी, रात्री ९:३०)
बापरे, तुम्हाला कसं कळलं? हो, पाय सुजतात. आम्हाला वाटलं वय झालं, शेतात उभं राहते म्हणून. व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवायला लावलं. बीपीची गोळी आहे, अ‍ॅम्लोडिपिन. दोन तीन वर्षं ५ ची होती, जुलैमधे बीपी वाढलं म्हणून १० ची केली. शुगर नाही असं म्हणते पण तपासून दोन वर्षं झाली.

औषधवाला (१० फेब्रुवारी, रात्री ९:४८)
जुलैत डोस वाढला आणि गणपतीनंतर हिरड्या. बघा.

दंतकथा (१० फेब्रुवारी, रात्री ११:१०)
हाच संशय होता. अ‍ॅम्लोडिपिन आणि त्याच जातीच्या बीपीच्या काही गोळ्यांनी काही लोकांच्या हिरड्या वाढतात. सगळ्यांच्या नाही, खरं तर थोड्याच लोकांच्या, पण आपल्याकडे ही गोळी इतकी सर्रास घेतली जाते की माझ्या खुर्चीत असा पेशंट येतोच. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांत हे फार जुनं माहिती असलेलं आहे, आणि किडनी बदललेल्यांना सायक्लोस्पोरिन देतात त्यानेही होतं. ही साधी सूज नसते, हिरडीचा पेशीजाल खरंच वाढतो, सुरुवात पुढच्या दातांच्या मधल्या टोकांपासून होते आणि ती टोकं गोलसर फुगून दातावर चढतात. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. साधारण गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर एक ते तीन महिन्यांत दिसायला लागतं.

आता क्लीनिंगने महिनाभर बरं का वाटलं? कारण औषध एकटं हे करत नाही, त्याला खालून मळाची साथ लागते. मळ काढला की सूज थोडी उतरते, पण हिरडी फुगलेली असल्यामुळे कपारी तयार झालेल्या असतात, ब्रश तिथे पोचत नाही, मळ पुन्हा साठतो, पुन्हा फुगते. तुमच्या डेंटिस्टनी काम बरोबरच केलं असणार, फक्त गोळ्यांची यादी विचारायची राहिली असेल. आम्हीही कधीकधी विसरतो, नाही म्हणत नाही.

पायांची सूज पण या गोळीने येते, १० च्या डोसला जास्त. पण पाय हृदय, किडनीमुळेही सुजतात, त्यामुळे ते ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांनाच ठरवू द्या.

खडूस_पण_खरं (११ फेब्रुवारी, सकाळी ६:०८)
मग उद्यापासून गोळी बंदच करा की. बीपीच्या गोळ्या म्हणजे एकदा लागल्या की सुटत नाहीत.

औषधवाला (११ फेब्रुवारी, सकाळी ८:२५)
काका हात जोडतो. असलं वाचून लोक खरंच बंद करतात. हिरड्या फुगल्या तर कापून नीट करता येतात, लकवा मारला तर काय करणार? गोळी बदलायची असते, आणि ती फिजिशियनने. ताई, पाकिटाचा फोटो आणि हिरड्यांचा फोटो दोन्ही घेऊन जा, बीपीची गेल्या महिन्याची रीडिंग्ज असतील तर तीही.

ब्रेमेनची_पोळी (११ फेब्रुवारी, दुपारी १२:३३)
माझा प्रॉब्लेम साधा होता तरी सांगते कारण मी जो मूर्खपणा केला तो बरेच जण करत असतील. जर्मनीत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात ब्रश केला की बेसिनमधे गुलाबी पाणी. मला वाटलं ब्रश लागतोय, म्हणून त्या बाजूला ब्रश करणंच सोडलं, फक्त चूळ भरायचे. तीन आठवड्यांत हिरड्या लालभडक आणि सुजलेल्या, सफरचंद चावलं तर त्यावर रक्ताचे डाग. इथे विम्यात कीटण काढणं वर्षातून एकदा फुकट असतं ते मला माहितीच नव्हतं, दोन वर्षं गेलेच नव्हते. तिथल्या बाई म्हणाल्या जिथे रक्त येतं तिथेच जास्त घासायचं, मऊ ब्रशने. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली जर्मन लोक निर्दयच असतात 😄 पण दहा बारा दिवसांत रक्त थांबलं.

दंतकथा (११ फेब्रुवारी, दुपारी ४:००)
निर्दय नाही, बरोबर सांगितलं त्यांनी. १९६५ सालचा डेन्मार्कमधला एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आम्हाला पहिल्या वर्गापासून शिकवतात. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना सांगितलं दात घासणं पूर्ण बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. मग घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या पूर्ववत. तोपर्यंत हिरड्या सुजण्याबद्दल काय काय थिअरी होत्या, हे पाहिल्यावर बऱ्याच बाद झाल्या.

म्हणजे नुसती सूज असते तोवर ती पूर्ण परत फिरते. पण तसंच चालू ठेवलं आणि आजार खाली हाडापर्यंत गेला, ज्याला आपले लोक पायरिया म्हणतात, तर गेलेलं हाड सहसा परत येत नाही, फक्त पुढचं नुकसान थांबवता येतं.

घासायचं कसं तर ब्रशचे केस निम्मे दातावर निम्मे हिरडीच्या कडेवर, तिरका धरायचा, आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचा. आडवं खसाखसा नाही. आपण दात घासतो म्हणजे परातीला राख लावून घासतो तसं घासतो. दोन मिनिटं मोजून बघा एकदा घड्याळ लावून, फार मोठी वाटतात.

हापूस_वेडा (११ फेब्रुवारी, रात्री ८:१९)
माझी गंमत ऐका. गेल्या मे मधे उजव्या खालच्या दाढेपाशी हिरडी टम्म. तीन दिवस मीठपाणी, मग मेडिकलमधून दोन दिवसांच्या अँटिबायोटिक, मग परत टम्म. शेवटी डॉक्टरांनी चिमट्याने आतून काय काढलं असेल? आंब्याचा रेषा. बाठा चोखला होता चार दिवसांपूर्वी. संध्याकाळी सूज गायब. बायको अजून सगळ्यांना सांगते.

औषधवाला (११ फेब्रुवारी, रात्री ८:४०)
रेषा, कणसाचं साल, माशाचा काटा, सुपारीचा तुकडा, सगळं होतं. आणि माझ्याकडे येऊन लोक म्हणतात "दाढेची गोळी द्या". मी नाही म्हटलं तर समोरचा देतो. रोग बाजूलाच राहतो, दोन गोळ्या खाऊन दुखणं दबतं, आणि अर्धवट अँटिबायोटिकने पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही. माझा धंदा आहे तरी सांगतोय.

पिल्लूची_आई (१२ फेब्रुवारी, सकाळी १०:५०)
धाग्याच्या विषयाला धरूनच आहे म्हणून विचारते. मुलगी अडीच वर्षांची, दोन दिवस ताप, हिरड्या एकदम लाल सुजलेल्या, जिभेवर ओठांवर बारीक फोड, लाळ गळतेय, पेजसुद्धा तोंडात घेत नाही. दाताचं असेल का? सुळे येतायत.

दंतकथा (१२ फेब्रुवारी, सकाळी ११:३०)
दात येताना एवढं होत नाही. हे हर्पिसच्या विषाणूचं पहिलं इन्फेक्शन असू शकतं, या वयात बऱ्यापैकी दिसतं. आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लवकर दाखवलं तर त्यावरचं औषध द्यायचं की नाही ते ते ठरवतील. सहसा सात ते दहा दिवसांत आपोआप बसतं, खरी काळजी पाणी कमी होण्याची. गार दूध, ताक, गार खिमटी, चमच्याने, दर थोड्या वेळाने. लघवी किती वेळा होतेय ते मोजा, कमी झाली किंवा मूल मलूल पडलं तर थांबू नका. जेल वगैरे स्वतःच्या मनाने चोळू नका.

पिल्लूची_आई (१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१२)
तेच निघालं. थँक्यू डॉक. ताक प्यायली वाटीभर.

नववा_महिना_लवकरच (१२ फेब्रुवारी, रात्री ९:००)
मला पाचव्या महिन्यापासून हिरड्यांतून रक्त येतंय, सासूबाई म्हणतात बाळ कॅल्शियम ओढून घेतं म्हणून. आणि बाळंतपणाआधी दाताला हात लावायचा नाही म्हणे.

दंतकथा (१२ फेब्रुवारी, रात्री १०:२५)
बाळ दातातलं कॅल्शियम ओढत नाही. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या थोड्याशा मळालाही जास्त चवताळून उठतात, एवढंच. क्लीनिंग गरोदरपणात करता येतं, चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. आता शेवटी शेवटी पाठीवर फार वेळ झोपवत नाही म्हणून छोट्या छोट्या वेळात करतो. तुमच्या गायनॅकना सांगून जा. कधीकधी एका ठिकाणी लाल गाठ येते आणि जरा धक्का लागला की भळभळ रक्त, ती बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप लहान होते. घाबरू नका पण दाखवा.

काळजीवाहू_सरकार (१३ फेब्रुवारी, सकाळी ७:४४)
हे सगळं ठीक पण हिरडी सुजली तर तातडीने कधी पळायचं ते सांगा. माझ्या चुलत्याला शनिवारी रात्री गळ्यापर्यंत सूज आली होती आणि आम्ही सोमवारची वाट बघत बसलो, फार वाईट वेळ आली होती.

दंतकथा (१३ फेब्रुवारी, दुपारी १:१५)
बरं झालं विचारलंत. दाताखालचा पू खाली उतरून जबड्याखाली, गळ्याकडे सूज गेली, तोंड उघडेना, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, ताप चढला, तर सोमवार नाही, त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल. श्वासाची वाट बंद होऊ शकते. अक्कलदाढ अर्धी वर आलेली असते, तिच्यावर हिरडीची टोपी असते आणि त्या टोपीखाली अन्न कुजतं, तिथूनही हे सुरू होऊ शकतं.

दुसरं, घाई नाही पण टाळायचं नाही असं. एकाच जागी गाठ किंवा जखम, दोन तीन आठवड्यांत बरी होत नाही, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात, तर तुकडा काढून तपासावा लागतो. आणि हिरड्या सगळीकडे फुगल्यात, सोबत माणूस पांढराफटक, अंगावर कारण नसताना निळे डाग, सारखा ताप, तर आधी रक्ताची साधी तपासणी, सीबीसी. क्वचित रक्ताचा कॅन्सर पहिल्यांदा हिरड्यांत दिसतो. घाबरवण्यासाठी नाही लिहीत, माझ्या अख्ख्या प्रॅक्टिसमधे असा एक पेशंट बघितलाय, पण तो एक लक्षात राहतो.

खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात जा. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही आहे. विद्यार्थी करतात, वेळ लागतो, पण वर सर उभे असतात.

सुपारीफूल (२७ फेब्रुवारी, रात्री १०:०५)
अपडेट देते. आईला पुण्याला आणलं, कशी आणली ते विचारू नका. फिजिशियननी पाय बघितले, ईसीजी, किडनीच्या टेस्ट, सगळं नीट. अ‍ॅम्लोडिपिन बंद करून टेल्मिसार्टन दिलीय, आठ दिवस रोज बीपी लिहून ठेवायचं. शुगर मात्र निघाली, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) ७.९. 🙁 तिला वाटतंय आम्ही पुण्यात आणून तिला आजारी पाडलं.

आणि खरी बातमी पुढेच. तिच्या पिशवीत स्वेटरखाली मिश्रीची डबी सापडली! मला ३८ वर्षांत माहिती नव्हतं. म्हणाली, "दात घासायचीच तर आहे, खात थोडीच आहे मी." सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, आणि रात्री झोप येत नाही म्हणून एकदा. डेंटिस्टला दोन्ही वेळा सांगितलं नव्हतं.

शेंगदाणा_चटणी (२७ फेब्रुवारी, रात्री १०:३१)
आमच्या सासूबाई पण लावतात मिश्री 🙈 हळद-तेल मी वर लिहिलं, हे लिहायचं राहिलं.

दंतकथा (२७ फेब्रुवारी, रात्री ११:४०)
शेंगदाणा, तरी म्हटलं. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. १९९२ पासून दंतमंजनात, टूथपेस्टमधे तंबाखू घालायला कायद्याने बंदी आहे, पण घरी भाजली तर कोण विचारतंय. "दात घासायची" असं नाव असल्याने बायकांना ते व्यसन वाटतच नाही, आणि दिवसातून तीनदा दात घासणारी बाई नीटनेटकीच वाटते सगळ्यांना. सकाळी मिळाली नाही की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, हे ऐकलंत तर ओळखा. तंबाखूने हिरड्यांमधली रक्ताभिसरणाची प्रतिक्रिया दबते, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं आणि आजार आत आत जातो. सुपारीफूल, तुमच्या आईंना रक्त अधूनमधूनच येत होतं ते त्यामुळेही असेल.

शुगरचं असं, ती वाढलेली असली की हिरड्या बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्यांत पू असला की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. दोन्ही बरोबर धरायचं. आता पुन्हा खोल क्लीनिंग करून घ्या, ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या देतील, पेस्टने घासल्यावर लगेच नाही, अर्धा तास थांबून, आणि दोन आठवड्यांच्या वर स्वतःहून चालू ठेवू नका, दात पिवळट तपकिरी होतात आणि जेवणाची चव जाते. डबी एकदम हिसकावून घेऊ नका, भांडणच होईल. निकोटिनचं व्यसन आहे ते, मदत घेऊनच सुटतं.

खडूस_पण_खरं (२८ फेब्रुवारी, सकाळी ६:२०)
मेहुणाही मिश्री लावतो. विचारलं काल.

सुपारीफूल (१८ मे, दुपारी ३:५०)
धागा वर काढतेय, दोन तीन जणांनी विचारलं होतं म्हणून. गोळी बदलून अकरा आठवडे झाले. पायांची सूज दहा दिवसांतच गेली. हिरड्या हळूहळू उतरल्या, खालच्या बऱ्यापैकी जागेवर आल्यात, वर पुढे दोन ठिकाणी अजून जाड टोकं आहेत, डेंटिस्ट म्हणाले अजून दोन महिने बघू, राहिलं तर तेवढंच कापून आकार देऊ, भूल देऊन अर्ध्या तासाचं काम. बीपी १३० च्या आसपास. शुगरची पुढची टेस्ट जूनमधे.

मिश्री सकाळची सुटलीय, दुपारची म्हणते सुटलीय, रात्रीची आहे. बडीशेप आणि लवंग डबीत भरून दिली, डबी तीच हवी म्हणाली, हाताला सवय आहे म्हणे. परवा नातवासमोर खळखळून हसली, पदर न धरता, तर हा लगेच "आजी तुझे दात परत मोठे झाले". आज सकाळपासून दारी आलेल्या प्रत्येक बाईला सांगतेय की पुण्याच्या डॉक्टरने मशीन चांगलं लावलं.